फ्लोरिन-१८ : रोज हाताळणारीकडून एक रिव्ह्यू

पेट स्कॅन करून आलेले लोक मशीनबद्दल लिहितात, स्टाफ कसा वागला ते लिहितात, रिपोर्ट किती वेळात हातात आला ते लिहितात. शिरेतून जे आत गेलं, त्याच्याबद्दल कुणी चार ओळी लिहिलेल्या माझ्या पाहण्यात नाहीत. मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये टेक्नॉलॉजिस्ट आहे. ते औषध मोजणं, सिरिंजमध्ये भरणं, रुग्णाला टोचणं आणि तासाभराने त्याने दाखवलेलं शरीर पडद्यावर बघणं हे माझं रोजचं काम. म्हणून हा रिव्ह्यू त्या औषधातल्या मूळ वस्तूचा, म्हणजे फ्लोरिन-१८ या किरणोत्सारी समस्थानिकाचा (फ्लोरिनच्या अणूचा किरण सोडणारा प्रकार), आणि ते सगळ्यात जास्त ज्या रूपात वापरलं जातं त्या एफडीजीचा, म्हणजे फ्लोरिन-१८ जोडलेल्या साखरेचा.

मत आधीच सांगते. हलक्या मूलद्रव्यांचे जे अल्पायुषी समस्थानिक दवाखान्यात वापरता येतात, त्यांत रोजच्या रुग्णसेवेसाठी याच्या तोडीचं दुसरं नाही. त्याचे गुण पुष्कळ आहेत, पण सगळे येऊन ठेपतात एका आकड्यावर: ११० मिनिटं. काटेकोर सांगायचं तर १०९.८.

हे त्याचं अर्धायुष्य. आत्ता जेवढं आहे त्यातलं निम्मं पावणेदोन तासांहून थोड्या जास्त वेळात संपतं. तासाभरात ६८ टक्के उरतं, दोन तासांनी ४७, चार तासांनी २२, सहा तासांनी १०. हे आकडे आमच्याकडे सगळ्यांना तोंडपाठ असतात, कारण दिवसाचं वेळापत्रक त्यांच्यावरच बसवलेलं असतं. पहिल्या रुग्णाला किती द्यायचं, शेवटच्यासाठी काय उरेल, मधे कुणाची शीर सापडायला वेळ लागला तर पुढचं गणित कसं बदलेल, हे सगळं औषधाची व्हायल, म्हणजे छोटी बाटली, यायच्या आधीच कागदावर मांडलेलं असतं.

व्हायल येते ती शिशाच्या जाड डब्यात. डबा हातात घेतला की आतल्या औषधापेक्षा शिशाचंच वजन जाणवतं. लेबलवर अमुक वाजता अमुक मिलिक्युरी (किरणोत्साराचं माप) असं लिहिलेलं असतं, आणि त्यातली वेळ आकड्याइतकीच महत्त्वाची. हॉट लॅबमध्ये, म्हणजे किरणोत्सारी औषधं हाताळायच्या खोलीत, डबा शिशाच्या आडोशामागे ठेवायचा, शिशाच्या काचेतून बघत लांब चिमट्याने झाकण उचलायचं, टंगस्टनच्या कवचात बसवलेल्या सिरिंजने ओढून घ्यायचं. पारदर्शक पाणी. रंग नाही, वास नाही. मग सिरिंज डोस कॅलिब्रेटरमध्ये, म्हणजे किरणोत्सार मोजायच्या यंत्रात, सोडायची. पडद्यावर ८.४२ मिलिक्युरी येतं आणि बघत उभं राहिलं तर दहा-अकरा सेकंदांत ८.४१ होतं, मग ८.४०. अणू कमी होताना आकड्यात असे डोळ्यांसमोर दिसतात. हे मी कितीही वेळा पाहिलं असलं तरी तिथून नजर हलत नाही. आकडा लिहायचा आणि त्याच्या शेजारी लगेच वेळ लिहायची, नाहीतर त्या आकड्याला काही अर्थच राहत नाही.

वेळेचं हे वेड उगाच नाही. हॉट लॅबच्या भिंतीवरचं घड्याळ आणि स्कॅनरच्या आतलं घड्याळ यांच्यात दहा मिनिटांचा फरक पडला, तर गाठीने किती औषध घेतलं याचं मोजमाप सुमारे ६ टक्क्यांनी चुकतं. दोन स्कॅनची तुलना करून उपचार लागू पडतोय का हे ठरवायचं असतं, तिथे असा फरक चालत नाही. नव्या सेंटरमध्ये कुणी काम शिकायला गेलं तर मी पहिलं हेच सांगते, की आधी घड्याळं जुळवून घ्या.

आणि हे सगळं किती वस्तुमानासाठी? १० मिलिक्युरी शुद्ध फ्लोरिन-१८ चं वजन भरतं एका नॅनोग्रॅमचा दहावा भाग. साडेतीन लाख कोटी अणू, तरीही कुठल्याही तराजूला न जाणवणारे. शरीराला औषध म्हणून त्याची जाणीवच होत नाही. ना गुंगी, ना मळमळ. सीटी स्कॅनच्या कॉन्ट्रास्टची भीती मनात असलेले रुग्ण टोचून झाल्यावर विचारतात, "झालं? काहीच कसं वाटलं नाही?" त्यांना हेच सांगते, की वाटण्याइतकं ते नसतंच.

आता त्याच्या भावंडांकडे बघू, म्हणजे ११० मिनिटांची किंमत कळेल. ऑक्सिजन-१५ चं अर्धायुष्य दोन मिनिटं, नायट्रोजन-१३ चं दहा, कार्बन-११ चं वीस. कागदावर ही तिन्ही फ्लोरिनपेक्षा सरस दिसतात, कारण शरीर बनलंय तेच मुळी कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजनचं. एखाद्या रेणूतला साधा कार्बन काढून तिथे कार्बन-११ बसवला तर रेणू रासायनिकदृष्ट्या तोच राहतो, शरीराला फरक कळायचं कारण नाही. फ्लोरिनचं तसं नाही, तो आपल्या बहुतेक जैविक रेणूंमध्ये नसतोच. तो बाहेरून बसवावा लागतो आणि रेणूचं वागणं थोडंफार बदलतं.

नायट्रोजन-१३ ला तर इतिहासातही मोठा मान आहे. १९३४ मध्ये इरेन आणि फ्रेडरिक जोलिओ-क्युरी यांनी बोरॉनवर अल्फा कणांचा मारा करून जो कृत्रिम किरणोत्सारी पदार्थ मिळवला तो हाच. माणसाने स्वतः घडवलेल्या पहिल्या किरणोत्सारी समस्थानिकांपैकी हा एक, आणि त्या कामाबद्दल दोघांना १९३५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. कार्बन-११ घेऊन सॅम रूबेन आणि मार्टिन केमन यांनी तिशीच्या दशकाच्या शेवटी वनस्पती कार्बन डायऑक्साइडचं काय करतात याचा माग काढायला सुरुवात केली. वीस मिनिटांत निम्मा होणाऱ्या मालावर प्रकाशसंश्लेषणाचे प्रयोग करायचे म्हणजे प्रयोगशाळेत अक्षरशः पळापळ. कार्बन-१४ हाती लागला आणि ती पळापळ संपली, पण तोवर वीस मिनिटांच्या त्या समस्थानिकाने वाट दाखवून ठेवली होती. मला या माणसांबद्दल फार आदर वाटतो.

पण दवाखान्याच्या अंगाने बघा. ऑक्सिजन-१५ वापरायचा तर सायक्लोट्रॉन, म्हणजे हे समस्थानिक बनवणारं यंत्र, जवळपास शेजारच्या खोलीत हवा. त्यापासून पाणी तयार झालं की ते नळीतून थेट रुग्णापर्यंत. कार्बन-११ मध्ये रसायनशास्त्रज्ञाला रेणू बांधायला, शुद्ध करायला आणि तपासायला मिळून फारतर दोन-तीन अर्धायुष्यं हाताशी असतात. ज्या इमारतीत सायक्लोट्रॉन आहे त्याच इमारतीतल्या रुग्णांना या समस्थानिकांचा उपयोग. फ्लोरिन-१८ मात्र गाडीत बसून दोन-तीन तास प्रवास करू शकतो, विमानानेही जातो आणि पोहोचल्यावर कामापुरता शिल्लक असतो. एक सायक्लोट्रॉन अनेक गावांना पुरतो तो केवळ या ११० मिनिटांमुळे. आणखी लांब अर्धायुष्य असतं तर? मग रुग्ण घरी गेल्यावरही दिवसभर किरण देत राहिला असता, आणि तेवढ्याच चित्रासाठी शरीराला जास्त मात्रा सोसावी लागली असती.

अणुकेंद्राच्या आत डोकावलं तर हा समस्थानिक टिकत का नाही तेही कळतं. त्यात नऊ प्रोटॉन आणि नऊ न्यूट्रॉन. दोन्ही विषम. निसर्गाला अशी जोडी फारशी झेपत नाही. दोन्ही संख्या विषम असलेली हलकी स्थिर अणुकेंद्रं चारच आहेत: ड्युटेरियम, लिथियम-६, बोरॉन-१० आणि नायट्रोजन-१४. या रांगेत पुढचा नंबर फ्लोरिन-१८ चा लागला असता, पण रांग नायट्रोजनपाशीच संपते. निसर्गात मिळणारा स्थिर फ्लोरिन एकच, फ्लोरिन-१९, एक न्यूट्रॉन जास्त असलेला.

मग फ्लोरिन-१८ काय करतो? सुमारे ९७ टक्के वेळा त्याच्यातला एक प्रोटॉन न्यूट्रॉन होतो आणि बाहेर पडतो पॉझिट्रॉन, म्हणजे धन विद्युतभाराचा इलेक्ट्रॉन. उरलेल्या ३ टक्क्यांत केंद्र स्वतःचाच एक इलेक्ट्रॉन गिळतं. दोन्ही वाटा सरळ स्थिर ऑक्सिजन-१८ ला जाऊन मिळतात, मधे कुठे थांबा नाही, त्यामुळे केंद्रातून वेगळा गॅमा किरणही येत नाही. तंत्रज्ञ म्हणून मला याचं फार कौतुक आहे. चित्रात गोंधळ घालणारी भेसळच नाही.

पॉझिट्रॉनची जास्तीत जास्त ऊर्जा ६३४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. पेटमध्ये वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या समस्थानिकांत ही जवळजवळ सगळ्यात कमी. कार्बन-११ चे पॉझिट्रॉन ९६० पर्यंत जातात, नायट्रोजन-१३ चे सुमारे १२००, ऑक्सिजन-१५ चे १७३०. ऊर्जा कमी म्हणजे पॉझिट्रॉन जन्मल्या ठिकाणापासून फार लांब जात नाही. पेशींमधून सरासरी अर्धा-पाऊण मिलिमीटर धडपडतो, वेग गमावतो आणि एखाद्या इलेक्ट्रॉनला भिडून दोघंही नाहीसे होतात. त्या जागी ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन फोटॉन निघतात, जवळजवळ अगदी विरुद्ध दिशांना. भोवतालच्या स्फटिकांच्या कड्याला दोन समोरासमोरच्या ठिकाणी एकाच क्षणी ठिणगी दिसली, की घटना त्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेवर घडली हे पक्कं. अशा कोट्यवधी रेषांमधून चित्र उभं राहतं. हृदयासाठी वापरतात त्या रुबिडियम-८२ चे पॉझिट्रॉन याच्या कितीतरी पट ताकदीचे असतात आणि चित्र त्या मानाने पसरट येतं. फ्लोरिनच्या चित्रातली रेखीवता अशी मुळातून येते.

या ५११ च्या फोटॉनबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. रुग्णांचे नातेवाईक विचारतात, "तुम्ही एक्स-रेवाल्यांसारखा शिशाचा एप्रन का घालत नाही?" कारण त्याचा उपयोग नाही. हे फोटॉन निम्मे करायला शिशाचे चार-पाच मिलिमीटर लागतात. एप्रनमधलं अर्धा मिलिमीटर शिसं जेमतेम काही टक्के अडवतं आणि वजनामुळे हात मात्र हळू चालतात. आमचं खरं संरक्षण म्हणजे अंतर आणि वेग. डोस लवकर टोचायचा, रुग्णाला सूचना टोचण्याआधी द्यायच्या, नंतर बोलायचं ते दाराशी उभं राहून. यात कुणाला आम्ही तुटक वागतोय असं वाटतं. तसं नसतं. दिवसभरात अशा कितीतरी रुग्णांजवळ आम्हाला जायचं असतं.

उत्पादनाबद्दल थोडक्यात. कच्चा माल पाणी, पण खास पाणी. साध्या पाण्यातल्या ऑक्सिजनमध्ये ऑक्सिजन-१८ फक्त ०.२ टक्के असतो. इथे तो ९५ टक्क्यांच्या वर नेलेलं पाणी लागतं. तेही दोन-तीन मिलिलिटर. सायक्लोट्रॉनमधून आलेले प्रोटॉन त्यावर आदळतात, ऑक्सिजन-१८ प्रोटॉन घेतो, न्यूट्रॉन सोडतो आणि फ्लोरिन-१८ होतो. तासन्‌तास मारा करत राहण्यात फायदा नाही, कारण एकीकडे तयार होणारा माल दुसरीकडे संपत असतो. एका अर्धायुष्यात कमाल उत्पादनाच्या निम्म्यापर्यंत पोहोचता येतं आणि पुढची वाढ मंदावत जाते. मग शिशाच्या भिंतींच्या आड एक स्वयंचलित पेटी रसायनशास्त्र करते: पाण्यातून फ्लोराइड गाळून घेणं, ते पूर्ण कोरडं करणं, मॅनोजपासून बनवलेल्या रेणूवर बसवणं, संरक्षक गट काढून टाकणं, शुद्धीकरण. अर्ध्या तासात एफडीजी तयार. ही पद्धत १९८६ मध्ये जर्मनीतल्या यूलिश इथे हामाखर आणि सहकाऱ्यांनी बसवली. तिच्यामुळे उत्पादन एवढं वाढलं की एफडीजी संशोधनातून रोजच्या वापरात आलं.

गुणवत्ता तपासणीत एक गोष्ट अशी आहे जी बाहेरच्यांना खरी वाटत नाही. शुद्धता, आम्लता, विद्रावकांचे अंश, अर्धायुष्य, जिवाणूंची विषद्रव्यं हे सगळं माल सोडण्याआधी बघतात. पण निर्जंतुकतेची पूर्ण चाचणी म्हणजे नमुना १४ दिवस वाढीला ठेवून बघणं. तोवर मूळ औषधाचा मागमूसही उरलेला नसतो. म्हणून भरवसा ठेवायचा तो प्रक्रियेवर आणि शेवटच्या ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीवर, आणि ती गाळणी शाबूत होती की नाही हे प्रत्येक बॅचला तपासायचं. नुसती कागदपत्रं नीट असणं आणि हे मनापासून पाळणं यात काय अंतर आहे ते या धंद्यातल्या माणसाला चांगलं ठाऊक असतं. चांगला पुरवठादार मी यावरूनच ओळखते.

आता ज्या भागासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो भाग. एफडीजी म्हणजे ग्लुकोजच, फक्त दुसऱ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट काढून तिथे फ्लोरिन बसवलेला. पेशीच्या दाराला हा फरक कळत नाही, ती त्याला साखर समजून आत घेते. आत हेक्सोकायनेज नावाचं विकर त्यावर फॉस्फेट चढवतं, तेही साखर समजूनच. पण पुढची पायरी अडते, कारण पुढच्या विकराला जो हायड्रॉक्सिल हवा असतो तोच नेमका काढलेला असतो. फॉस्फेट चढल्यामुळे रेणू पेशीबाहेरही पडू शकत नाही. अडकतो. जी पेशी जास्त साखर ओढते तिच्यात जास्त अडकतात, आणि बहुतेक कर्करोगाच्या पेशी साखरेला हावरट असतात हे ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकातच दाखवलं होतं. तासाभरात रक्तातलं एफडीजी पुष्कळ ओसरतं, गाठीतलं तिथेच राहतं, आणि चित्र घ्यायची वेळ होते. शरीराला लागणारा हा तास आणि समस्थानिकाची ११० मिनिटं यांचा मेळ बघा. कार्बन-११ असता तर तासाभरात तीन अर्धायुष्यं सरून आठवा भाग हाती उरला असता.

अडकलेल्या रेणूचं पुढे काय होतं? फ्लोरिन-१८ ऑक्सिजन-१८ होतो. तो ऑक्सिजन भोवतालच्या पाण्यातून हायड्रोजन घेतो, आणि दुसऱ्या कार्बनवर पुन्हा हायड्रॉक्सिल गट तयार. जे नव्हतं म्हणून वाट अडली होती तेच तिथे उगवतं. रेणू साधा ग्लुकोज-६-फॉस्फेट होतो, जरा जड ऑक्सिजनवाला एवढंच, आणि पेशी तो नेहमीच्या साखरेसारखा वापरून टाकते. ऑक्सिजन-१८ मधून जन्मलेला अणू ऑक्सिजन-१८ होऊन शरीरात मिसळून जातो. एवढं स्वच्छ निघून जाणारं निदानाचं साधन माझ्या माहितीत दुसरं नाही.

१९७६ मध्ये अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत तात्सुओ इडो आणि सहकाऱ्यांनी हा रेणू फ्लोरिन-१८ घालून बनवला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो विमानाने फिलाडेल्फियाला नेऊन पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात दोन निरोगी स्वयंसेवकांना पहिल्यांदा दिला गेला. उद्देश मेंदूचा अभ्यास होता. कर्करोग नंतर आला आणि त्याने सगळी जागा व्यापली.

प्रत्यक्षात याने काय साधतं ते मला लिंफोमाच्या (लसिका ग्रंथींच्या कर्करोगाच्या) रुग्णांत सगळ्यात जास्त दिसतं. पहिल्या स्कॅनमध्ये मान, छाती, काखा, सगळीकडे औषध साठल्याचे काळे ठिपके. हॉजकिन लिंफोमात किमोच्या दोन सायकलनंतर पुन्हा स्कॅन होतो. सीटीवर गाठी अजून जागेवरच दिसतात, आकाराने थोड्या कमी. एफडीजीवर मात्र त्या जागा रिकाम्या. गाठीचा सांगाडा उरलाय, आतली आग विझली आहे, हे आकारावरून कधीच कळलं नसतं. डॉक्टर यकृताच्या आणि छातीतल्या रक्ताच्या छटेशी तुलना करून १ ते ५ गुण देतात आणि पुढची किमो वाढवायची की कमी करायची ते त्यावर ठरतं. बाहेर बाकावर बसलेल्या आईवडिलांना मी काही सांगू शकत नाही, तो माझा अधिकार नाही. पण अशा दिवशी मला या कामाबद्दल जे वाटतं ते लपवायचं कारणही नाही.

तक्रारी आहेत, आणि त्या सांगायलाच हव्यात.

पहिली, एफडीजी साखर दाखवतं, कर्करोग दाखवत नाही. क्षयरोगाच्या गाठी, न्यूमोनिया, नुकत्याच झालेल्या ऑपरेशनची जखम, लस घेतलेल्या बाजूची काख, सगळं उजळतं. रिपोर्ट हातात पडल्यावर एकट्याने वाचून घाबरून जाऊ नका, कारण "वाढलेलं अपटेक" (औषध जास्त शोषलं जाणं) या शब्दांमागे किती वेगवेगळी कारणं असतात ते तुमच्या डॉक्टरांनाच तुमच्या इतिहासावरून कळतं. दुसरी, मेंदू स्वतःच एवढी साखर खातो की तिथल्या लहान गाठी त्या उजेडात हरवतात; त्यासाठी एमआरआय लागतो. मूत्रपिंडं साधं ग्लुकोज परत शोषून घेतात पण एफडीजीला नीट ओळखत नाहीत, त्यामुळे ते मूत्राशयात साठतं आणि आसपासचं झाकोळून टाकतं. प्रोस्टेटसाठी एफडीजी बहुधा कमी पडतं.

तिसरी शरीराच्या सवयींची. एक सडपातळ मुलगी आमच्या वेटिंगमध्ये एसीखाली कुडकुडत बसली होती. स्कॅनमध्ये मानेच्या आणि खांद्यांच्या दोन्ही बाजू, मणक्याच्या कडेच्या जागा, सगळं सारखं पेटलेलं. ती चरबी होती, थंडीत ऊब निर्माण करणारी तपकिरी चरबी, आणि तिच्यामागे खरी गाठ आहे की नाही ते सांगणं अशक्य झालं. पुढच्या वेळी उबदार खोलीत ब्लँकेट पांघरून बसवली आणि तो सगळा भाग निर्मळ आला. तेव्हापासून रुग्ण आत येताच मी ब्लँकेट देते, त्याने मागितलं नाही तरी. तसंच इन्सुलिनचं. स्कॅनच्या थोडं आधी इन्सुलिन घेतलं किंवा काही खाल्लं, तर साखर स्नायूंकडे वळते आणि चित्रात हातापायांचे स्नायू भरून येतात, गाठी फिक्या पडतात. चार ते सहा तास उपाशी राहा म्हणतात ते यासाठी. टोचल्यानंतर तासभर गप्प पडून राहायला सांगतो तेही यासाठीच, बोलत राहिलं तर स्वरयंत्राचे स्नायू उजळतात. मोबाइलवर गप्पा मारू नका असं सांगितलं की काहींना राग येतो. त्यामागचं कारण हे आहे.

चौथी आणि मला सगळ्यात बोचणारी तक्रार पुरवठ्याची. ११० मिनिटं जेवढी उपकारक तेवढीच निष्ठुर. एका पुरवठादाराची गाडी एकदा तासाभराहून जास्त उशिरा आली. तोवर एक तृतीयांश माल वाटेतच संपला होता. पहिल्या रुग्णांचं झालं, शेवटचे गृहस्थ रात्रीपासून उपाशी होते आणि त्यांच्यापुरता डोसच उरला नाही. त्यांना परत पाठवावं लागलं. सायक्लोट्रॉन बिघडला तर अख्ख्या भागातली सगळीच यादी रद्द होते, कारण हे औषध साठवून ठेवता येत नाही. पाचपैकी मी साडेचार देईन, आणि कापलेला अर्धा यासाठी.

घरी गेल्यावरचे प्रश्न बहुतेकांच्या मनात असतात, म्हणून सांगते. १० मिलिक्युरी एफडीजीतून प्रौढ माणसाला साधारण ७ मिलिसिव्हर्टची मात्रा मिळते. सोबतच्या सीटीची वेगळी. पाणी भरपूर प्या, लघवीला वारंवार जा, त्यातून बराच भाग निघून जातो. काही तास लहान मुलांना मांडीवर घेऊ नका, गरोदर बाईजवळ फार वेळ बसू नका. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत मूळ साठ्याचा सुमारे ९००० वा भाग उरलेला असतो, तोही शरीराने काही बाहेर टाकला नाही असं धरून. वेगळं ताट, वेगळं अंथरूण असलं काही करायची गरज नाही. कुणी तसं करत असेल तर त्या रुग्णाला उगाच वाळीत टाकल्यासारखं होतं, आणि आजारपणात त्याची भर नको.

आणि फ्लोरिन-१८ म्हणजे फक्त एफडीजी नव्हे. नुसतं सोडियम फ्लोराइड दिलं तर ते हाडांत जाऊन बसतं आणि सांगाडा लखलखीत दिसतो. प्रोस्टेटसाठी पीएसएमए या तिथल्या कर्करोगाच्या पेशींवरच्या प्रथिनाला चिकटणारे रेणू आहेत, मेंदूच्या गाठींसाठी अमिनो आम्लाचे. अल्झायमरमधलं अमायलॉइड, म्हणजे मेंदूत साठणारं प्रथिन, आधी कार्बन-११ च्या रेणूने दाखवलं, पण सायक्लोट्रॉनजवळच्या मोजक्या ठिकाणांबाहेर ते पोहोचलं फ्लोरिन-१८ चे रेणू आल्यावर. त्यातल्या फ्लोरबेटापिरला अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली. हृदयाच्या रक्तपुरवठ्यात अजून नायट्रोजन-१३ चा अमोनिया आणि रुबिडियम-८२ यांचं राज्य आहे. तिथेही २०२४ मध्ये फ्लुरपिरिडाझ हा फ्लोरिन-१८ चा रेणू अमेरिकेत मंजूर झाला. रुबिडियमचं अर्धायुष्य सव्वा मिनिटाचं, त्यामुळे रुग्णाला खरोखर चालवून, दम लागल्यावर टोचून, मग उतरवून स्कॅनरमध्ये झोपवायला वेळच उरत नाही. हृदयावरचा ताण औषधाने आणावा लागतो. फ्लोरिन-१८ सोबत रुग्ण ट्रेडमिलवर चालू शकतो, त्याचं हृदय स्वतःच्या कष्टाने धडधडत असताना डोस देता येतो, आणि तो खाली उतरून सावकाश झोपल्यावरही चित्र घ्यायला पुरेसे अणू शिल्लक असतात. हे आमच्या विभागात यावं याची मी वाट बघते आहे.